भाव लावणारा माणूस

बाबासो कुरणे यांनी जगाच्या बाजारात ढवळाढवळ केली, ही गोष्ट सगळ्यात शेवटी बाबासो कुरणे यांनाच कळली. त्याआधी ती हिंदी महासागरातल्या एका बेटाला, युरोपातल्या एका थंड देशाला आणि मुंबईतल्या एका काचेच्या इमारतीला कळलेली होती. इतक्या लांबून फिरून ती कोल्हापुरात पोचली तेव्हा बाबासो फळा पुसत होते.

फळा मार्केट यार्डातल्या करवीर गूळ अडत मंडळाचा. सकाळी नऊला सौदे निघतात. म्हणजे गुऱ्हाळांवरून आलेले गुळाचे रवे (म्हणजे ढेपा) दुकानांपुढे रांगेनं मांडले जातात, व्यापारी रव्याचा कोपरा खरवडून जिभेवर ठेवतात, तोंड वाकडं करतात (गूळ उत्तम असला तरी, तो व्यवहाराचा भाग आहे) आणि ओरडून बोली होते. अकराच्या सुमाराला सौदे संपले की बाबासो दुकानादुकानांतून फिरून आकडे आणायचे आणि दारातल्या फळ्यावर त्या दिवसाचा भाव लिहायचे. यार्डात या कामाला ‘भाव लावणं’ म्हणतात. भिंतीवर कॅलेंडर लावावं तसा फळ्यावर भाव लावायचा. त्यापलीकडे त्या शब्दात काही नाही.

बाबासो सत्तावीस वर्षं भाव लावत होते. त्यांचे वडील याच यार्डात हमाल होते. बाबासो बी. ए. झाले, कारकून म्हणून लागले आणि पहिल्यांदा फळ्यावर खडू टेकवला, तेव्हा महिनाभर लोक आकडा वाचून पुन्हा आत जायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून यायचे. का, ते कुणी बोललं नाही. बाबासोंनी विचारलं नाही. महिन्याभरानं लोक आत जायचे थांबले. पुढं पाचेक वर्षांत भावावरून भांडण लागलं की लोकच म्हणायला लागले, ‘बाबासोनं लावलाय न्हवं? मग मिटलं.’ बाबासोंनी आयुष्यात मिळवलेली गोष्ट ही एवढीच. त्यांना ती पुष्कळ वाटायची, आणि फळ्यावरचा आपला हात निवृत्तीपर्यंत कुणी काढू नये, याखेरीज त्यांना काही नको होतं.

तीन वर्षांपूर्वी यशराज नावाचा एक तरुण पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला. त्याची कंपनी मोबाइलवर बाजारभाव पुरवायची. ‘पावणं, बाजारभाव फुकट हाय, फळ्यावर बघा,’ असं बाबासोंनी त्याला सांगितलं. यशराज म्हणाला, तोच फळा पाहिजे. रोज फळ्याचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. त्याबद्दल कंपनी बाबासोंच्या मोबाइलला दरमहा रिचार्ज मारेल. बाबासोंनी मंडळाच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी घेतली, ती फाइलला लावली आणि मगच पहिला फोटो पाठवला. शेतकऱ्यांना घरबसल्या भाव कळेल, असं त्यांना वाटलं. तसा तो कळायचाही. पण यशराजच्या कंपनीचं गिऱ्हाईक शेतकरी नव्हतं.

तिचं गिऱ्हाईक त्या बेटावर होतं. बेटाचं नाव इथं दिलं तरी उपयोग नाही. यार्डातल्या कुणालाच ते नकाशात सापडलं नाही. तिथं ऊस होत नाही. गूळ कुणी खात नाही. पण तिथं एक वायदेबाजार आहे आणि त्यात कोल्हापुरी गुळाचा वायदा चालतो. म्हणजे अमुक तारखेला कोल्हापुरात गूळ काय भावानं जाईल, यावर दोन माणसांनी पैज लावायची. दोघांपैकी एकानंही गूळ बघितलेला नसला तरी चालतं. बघितलेला नसलेलाच बरा, मन विचलित होत नाही. मुदतीचा दिवस उजाडला की फळ्यावरचा आकडा बघायचा आणि कोण जिंकलं ते ठरवायचं. सात समुद्रांपलीकडची माणसं रोज दुपारी बाबासोंचं अक्षर वाचत होती, आणि बाबासोंना वाटत होतं की ते फार तर गडहिंग्लजपर्यंत जातंय.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मुदतीचा एक दिवस नेमका दिवाळीच्या पाडव्याला आला.

पाडव्याला गुळाच्या हंगामाचा मुहूर्त असतो. त्या दिवशी एकच रवा विकतात. त्याला हार घालतात, हळदकुंकू वाहतात आणि मोठी माणसं त्याच्यावर बोली लावतात. बोली गुळाची नसते, मानाची असते. क्विंटलला साडेचार हजार रुपयांचा माल सात-आठ हजाराला जातो, टाळ्या पडतात, त्या एका रव्याचे पैसे जोतिबाच्या डोंगरावर अन्नदानाला जातात आणि खरे सौदे दुसऱ्या दिवसापासून खऱ्या भावानं सुरू होतात. हे सांगायची कुणाला कधी गरज पडली नाही.

त्या पाडव्याला मंडळाचे चेअरमन विजयसिंह आणि चेअरमन होऊ इच्छिणारे सम्राट शेजारी-शेजारी बसलेले होते, ही आसनव्यवस्था करणाऱ्याची चूक. विजयसिंहांनी पाच हजार एक म्हटलं. सम्राटांनी सात हजार एक. दोघांच्याही माणसांनी फोन वर करून चित्रण सुरू केलं, त्यामुळे कुणालाच थांबता येईना. एकवीस हजार एकला सम्राटांच्या मेव्हण्यानं त्यांचा हात खाली ओढला. विजयसिंहांनी रवा जिंकला. बाबासोंनी फळा स्वच्छ पुसून, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, ‘२१,००१’ लिहिलं, खाली ‘मुहूर्त’ असं लिहिलं, त्याला कुंकवाचं बोट लावलं, फोटो काढला आणि रोजच्यासारखा पाठवून दिला.

यशराजच्या कंपनीत फोटो माणूस वाचत नव्हता, यंत्र वाचायचं. यंत्रानं आकडा भावाच्या रकान्यात टाकला आणि ‘मुहूर्त’ हा शब्द गुळाच्या प्रतीच्या रकान्यात. म्हणजे पहिली प्रत, दुसरी प्रत, तशी मुहूर्त प्रत. मग ते सगळं बेटावर गेलं. तिथं त्या दुपारी काही लोक फार श्रीमंत झाले आणि काही लोक बुडाले. बुडालेल्यांत त्या थंड देशातल्या निवृत्त शिक्षकांच्या ठेवी सांभाळणारी एक संस्था होती. निवृत्त शिक्षकांचे पैसे कोल्हापूरच्या गुळात कसे आले, हे त्या संस्थेला नीट सांगता आलं नाही. पण ते गेले कसे, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं.

आता अशा वेळी काय करायचं, हे जगानं आधीच ठरवून ठेवलेलं आहे. देशोदेशीच्या बाजार-नियामकांनी एकमेकांना मदत करण्याचा करार केलेला आहे. एका देशातल्या घोटाळ्याचा धागा दुसऱ्या देशात गेला, तर दुसऱ्यानं माहिती काढून द्यायची. करार चांगला आहे. थंड देशानं बेटाला पत्र लिहिलं, बेटानं मुंबईला लिहिलं, मुंबईनं कोल्हापूरला. प्रत्येक टप्प्यावर पत्राला एक आवरणपत्र जोडलं गेलं, त्यामुळे बाबासोंच्या हातात जे पडलं त्यातली पहिली अकरा पानं आभारांची होती.

मागोमाग मुंबईहून फोन आला. अधिकारी बाईंचं नाव संयोगिता. कोल्हापुरातच, राजारामपुरीत वाढलेल्या, आवाजात अजून थोडी राजारामपुरी होती. त्यांनी सांगितलं, घाबरू नका, तुम्ही आरोपी नाही, फक्त माहिती द्यायची आहे. आपलं काम काय, ते कसं करता, हे स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहून पाठवा. अधिकृत भाषांतरकार त्याचं इंग्रजी करतील.

बाबासोंची मुलगी साक्षी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या दर्जा विभागात होती. परदेशी गिऱ्हाइकांना रोज इंग्रजीत उत्तरं लिहायची तिला सवय. ती म्हणाली, बाबा, मी लिहून देते. चार ओळीत संपवायचं. बाबासोंनी तिला पत्रातली ओळ दाखवली: ‘स्वतःच्या शब्दांत’. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी स्वतःच्या शब्दांत काही विचारलं होतं. ती संधी मुलीला द्यायला ते तयार नव्हते.

त्यांनी दोन दिवस घालवून तीन पानं लिहिली. शालननं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती ऐकली आणि लग्नाच्या पत्रिकेसारखं झालंय असं सांगितलं. सुरुवात अशी होती: ‘गेली सत्तावीस वर्षे कोल्हापुरात गुळाचा भाव मीच लावतो. माझ्याशिवाय दुसरे कोणी भाव लावत नाही. मी रजेवर असलो तर त्या दिवशी भाव लागत नाही. मी लावलेला भाव सर्वांना मान्य असतो व त्यावर आजवर कोणी तक्रार केलेली नाही.’

हे प्रत्येक वाक्य खरं होतं.

भाषांतरकार अधिकृत होता, पण यार्डातला नव्हता. त्यानं शब्दकोश उघडला असणार. भाव लावणे म्हणजे भाव ठरवणे. ‘आय फिक्स द प्राइस,’ असं त्यानं लिहिलं, आणि पुढं सगळं ओळीनं बरोबर.

महिन्याभरानं सुनावणी ठेवली. मंडळाच्या सभागृहात दुपारी साडेतीनला मोठा पडदा लावला, कारण तेव्हा थंड देशात सकाळ असते. पडद्यावर तीन खिडक्या उघडल्या. एकीत थंड देशाचे दोन अधिकारी, एकीत बेटाचा एक, एकीत संयोगिता. दुभाष्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. बाबासोंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. विजयसिंह शेजारी येऊन बसले होते. आंतरराष्ट्रीय बैठक म्हटल्यावर चेअरमन लागतोच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि पडद्यावरच्या लोकांनाही घ्या म्हणून हातानं खुणावलं.

थंड देशाचे अधिकारी फार सभ्य होते. आधी त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मग भाव तुम्हीच लावता का, असं विचारलं. संयोगिताबाईंच्या पुढ्यातल्या इंग्रजी प्रश्नात शब्द दुसरा होता, पण मराठीत आणताना त्यांच्या तोंडी सवयीनं ‘लावता’ आलं, कारण त्यांचे आजोबाही याच यार्डात अडत दुकान चालवायचे.

‘व्हय,’ बाबासो म्हणाले. ‘सत्तावीस वर्षं.’

पाडव्याला लावलेला भाव खरा होता का?

‘न्हाय की. मुहूर्ताचा भाव कधी खरा असतोय?’

तो खरा नाही, हे तुम्हाला लावतानाच माहीत होतं?

‘मला म्हाईत, चेअरमनसाहेबांस्नी म्हाईत. सगळ्या यार्डाला म्हाईत असतंय. त्यात लपवायचं काय?’

विजयसिंहांनी मान डोलावली आणि सम्राटला नंतर तोंड दाखवायला जागा राहिली नाही, अशी माहिती आपण होऊन जोडली. ती इतिवृत्तात गेली.

संयोगिताबाईंचा आवाज इथं जरा बदलला. त्यांनी इंग्रजीत पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं. त्यात पाडवा, जोतिबा आणि मान हे शब्द बाबासोंना कळले आणि त्यांना बरं वाटलं. बेटाच्या अधिकाऱ्यानं मध्येच हात वर केला. दुभाष्यानं स्वतःची भर घालू नये, असा नियम आहे, असं त्यानं नम्रपणे लक्षात आणून दिलं. बाईंनी माफी मागितली आणि त्या थांबल्या. त्यानंतर मुहूर्त ही गुळाची प्रत कोणत्या गावची, असं विचारण्यात आलं. बाबासोंनी ती प्रत नाही, वेळ आहे, असं सांगितलं. वेळ म्हणजे किती वाजता? दहा वाजून वीस मिनिटं. तेही लिहून घेतलं गेलं. शेवटचा प्रश्न आकडे पाठवण्याबद्दल काही मोबदला मिळायचा का, असा होता. बाबासोंनी रिचार्जचं सांगितलं, आणि ते कितीचं, कोणत्या कंपनीचं, रोज किती डेटा, हेही, कारण ते प्रामाणिक होते.

अहवाल पावसाळ्याआधी आला. साक्षीनं तो स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाचला. तिच्या कारखान्यात एखादा सुटा भाग सदोष निघाला की तो कुणी केला ते शोधायची एक पद्धत असते, आणि ती शेवटी नेहमी ज्याची सही असते त्याच्यापाशी येऊन थांबते. हा अहवाल त्याच पद्धतीनं चालला होता. कोल्हापूर इथं एक व्यक्ती सत्तावीस वर्षं एकहाती गुळाचा भाव ठरवते. पाडव्याचा भाव खोटा असल्याची तिला आणि सर्व संबंधितांना पूर्वकल्पना होती. स्थानिक व्यापाऱ्यांचा याला मूक पाठिंबा आहे. व्यक्तीला नियमित मोबदला मिळतो. व्यक्तीनं हे सर्व स्वतःच्या शब्दांत कबूल केलेलं आहे. जिंकलेले पैसे ज्या तीन कंपन्यांच्या नावे गेले, त्या चौथ्याच एका ठिकाणी नोंदलेल्या आहेत. ते ठिकाण करारात नाही. तरीही तिथल्या नियामकांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांनी पत्र मिळाल्याचं कळवलं होतं.

साक्षीनं ‘फिक्स’ या शब्दावर बोट ठेवून वडिलांना विचारलं, बाबा, तुम्ही काय लिहिलं होतं? बाबासोंनी सांगितलं. ती खाली बसली.

संयोगिताबाईंना फोन तिनंच लावला आणि स्पीकरवर ठेवला. बाईंना चूक आधीच दिसलेली होती. सुनावणीच्या दिवशीच दिसली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी टिपण लिहून वर पाठवलं होतं.

‘मग?’ साक्षीनं विचारलं.

‘जबाब दुरुस्त करायचा तर ज्यांनी मागितला त्यांनी तो पुन्हा मागायला लागतो. आम्ही आपणहून नाही पाठवू शकत. करारात तसंच आहे.’

‘तर मग त्यांना मागायला सांगा.’

‘सांगितलं. ते म्हणतात, आमच्या सगळ्या प्रश्नांची पूर्ण उत्तरं मिळालीत. एवढी पूर्ण उत्तरं कुठल्याच देशाकडून आली नव्हती म्हणे. फाइल बंद केली त्यांनी.’

 बाबासो फोनकडे वाकले. ‘मॅडम, मी भाव फकस्त लिवतो. ठरवत न्हाय. हे एक वाक्य हाय. एवढं एक वाक्य तिकडं जाऊ शकत न्हाय?’



‘काका, मी तीनदा पाठवलं. पहिल्यांदा आमच्याच सातव्या मजल्यानं परत केलं. दुसऱ्यांदा बेटानं आभार मानले. तिसऱ्यांदा माझ्या साहेबांनी विचारलं की तुमचं गाव कोणतं.’ मग त्या म्हणाल्या, ‘माझी बदली झालीय. विमा विभागात. पुढच्या सोमवारपासून हा नंबर दुसरं कुणीतरी उचलेल.’

साक्षीनं वकील करू म्हटलं. कोल्हापुरातल्या दोन वकिलांनी प्रकरण आवडीनं वाचलं. पहिल्यानं बेटावर अपील करायला बेटावरचा वकील लागेल असं सांगितलं. दुसरा म्हणाला, लेखी कबुलीजबाब आहे, व्हिडिओवर तोंडी कबुली आहे, चेअरमनची साक्ष आहे. एवढं भक्कम प्रकरण आपण पंचवीस वर्षांत विरुद्ध बाजूला बघितलेलं नाही. फी मात्र त्यानं घेतली नाही.

त्याच सुमाराला तिन्ही नियामकांनी मिळून एक निवेदन काढलं. सीमापार सहकार्याचा हा आदर्श नमुना आहे, असं त्यात होतं. कोल्हापूरचं नाव होतं, बाबासोंचंही होतं. कुणीतरी ते इंग्रजी वृत्तपत्रातून कापून यार्डात आणलं. विजयसिंहांना इंग्रजी थोडंथोडंच यायचं, पण ‘इंटरनॅशनल’ आणि ‘बाबासो कुरणे’ हे शब्द एका ओळीत बघून त्यांनी दुसऱ्याच दिवशी यार्डाच्या कमानीवर फ्लेक्स लावला. मधोमध बाबासोंचा पांढऱ्या शर्टातला फोटो, बाजूला विजयसिंहांचा त्याच्या दुप्पट, आणि मजकूर: ‘आंतरराष्ट्रीय पातळीवर दखल. हार्दिक अभिनंदन.’ साक्षीनं जाऊन त्यांना अर्थ समजावून सांगितला. ते म्हणाले, पोरी, दखल घेतली न्हवं? आज उतरवला तर लोक विचारतील. आठवडाभर राहू दे.

आठवड्याच्या आतच आदेश आला. त्यात बाबासोंना दंड नव्हता, तुरुंग नव्हता. बाबासो कुरणे यांनी पुढील सात वर्षं कोणत्याही वस्तूचा कोणताही भाव कोणत्याही व्यक्तीला, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, लेखी, तोंडी वा खुणेनं कळवू नये, एवढंच होतं. आदेश बेटाचा होता, पण करारामुळे मुंबईनं तो मान्य केला आणि मुंबईनं मान्य केल्यामुळे मंडळाला तो बंधनकारक झाला. बाबासोंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

त्यांनी आदेशावर सही केली. ज्यावर सही केली ते पाळायचं, ही त्यांची जुनी खोड. ते मंडईतून आल्यावर शालननं मेथी केवढ्याला मिळाली असं विचारलं तर ते पिशवी तिच्यापुढं ठेवून आत जायला लागले. पहिले दोन दिवस ती हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘अवो, मी काय त्या बेटावर सांगायला जातीया व्हय?’ चौथ्या दिवसापासून भाजी तीच आणायला लागली.

मंडळानं बाबासोंना फाटकावर बसवलं. येणाऱ्या टेम्पोचा नंबर, वेळ, रव्यांची संख्या लिहायची आणि पास द्यायचा. फळा काढला. त्याच्या जागी यशराजच्या कंपनीनं मोठा पडदा बसवून दिला, फुकट. आता भाव कुणी माणूस लिहिणार नव्हता, म्हणून घोटाळ्याचा प्रश्नच नव्हता, आणि नियामकांनी या सुधारणेचं स्वागत केलं होतं. पडद्यावर सकाळी साडेआठच्या ठोक्याला, सौदे निघायच्या आधीच, भाव यायचा. तो कुठून येतो असं एका अडत्यानं विचारलं, तेव्हा यशराजनं अभिमानानं सांगितलं की थेट बेटावरून. तिथल्या वायद्यात जो चालू असेल तो. बेटावरच्या लोकांचा भाव कोल्हापुरात यायचा, व्यापारी पडद्याकडे बघून त्या आकड्याच्या वर बोली न्यायचे नाहीत, मग सौदे संपले की तोच आकडा कोल्हापूरचा भाव म्हणून पुन्हा बेटावर जायचा. त्यात कुठंही काही जुळायचं राहत नव्हतं.

हंगाम सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी वडणग्याच्या धोंडुबाई टेम्पो घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या, स्वतःचं गुऱ्हाळ नवऱ्यामागं तीस वर्षं चालवलेल्या. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या होत्या. साठ रवे, सोनेरी, एकाही रव्याला डाग नव्हता. असा माल हंगामात चार-पाच वेळा बघायला मिळतो.

फाटकावर बसलेल्या माणसाच्या कानावर सगळं पडतं. त्या सकाळी गुजरातच्या दोन खरेदीदारांचे फोन बाबासोंच्या खुर्चीशेजारीच झाले होते. तिकडं मागणी होती. असा माल आज मिळाला नाही तर उद्या पडद्याच्या वर जाऊन चव्वेचाळीसशे सुद्धा देऊ, पण आज पडद्यावर छत्तीसशे चाळीस आहे तेवढ्यात मिळेल तो उचला, असं बोलणं झालं होतं. म्हणजे माल एक दिवस थोपवला की झालं.

धोंडुबाईंनी काच खाली केली. ‘काय रं बाबासो, आज काय भाव?’

बाबासोंनी टेम्पोचा नंबर लिहिला.

‘आरं, तुला इचारतीया. त्या टीव्हीवरचं सोड, त्याच्यावर माझा इश्वास न्हाय. तू सांग. आज देऊ का थांबू?’

बाबासोंनी त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. फाटकाच्या खांबावर कॅमेरा होता, पण त्यांनी तिकडं बघितलं नाही. थांबा, असं म्हटलं तर तो भाव होतो का, याचा ते विचार करत होते. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, असं आदेशात होतं. खुणेनं सुद्धा, असं होतं. थांबा म्हणजे उद्या भाव जास्त आहे. म्हणजे अप्रत्यक्ष. त्यांनी खूप बाजूंनी वाचून बघितलं, सगळीकडून तेच निघालं. मागं दुसरा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. बाबासोंनी पासवर साठ लिहिलं आणि पास काचेतून आत दिला.

धोंडुबाईंनी पास घेतला नाही लगेच. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाबासोंच्या वडिलांना त्या ओळखायच्या. त्यांच्या गुऱ्हाळाचे रवे त्या माणसानं किती वर्षं उतरवले होते.

‘फ्लेक्स काय लागला,’ त्या म्हणाल्या, ‘भाव खायला लागलास व्हय?’

टेम्पो आत गेला.

साडेअकराला तो रिकामा परत आला. बाबासोंनी वेळ लिहिली आणि पास मागायला हात पुढं केला. धोंडुबाईंनी पास दिला आणि बाबासोंनी काही न विचारताच, समोरच्या रस्त्याकडे बघत सांगितलं, ‘छत्तीसशे चाळीस.’

आदेशात भाव सांगायला बंदी होती, ऐकायला नव्हती. बाबासोंनी तो ऐकून घेतला.